जॉन बार्लीकॉर्नला मरावंच लागेल!

आपल्या कट्ट्यावर 'प्रोग्रेसिव्ह रॉक' हे दोन शब्द उच्चारले की दोन प्रकारची मंडळी गोळा होतात. पहिली, पिंक फ्लॉइडचा काळा टी-शर्ट घालणारी. यांच्या मते प्रोग्रेसिव्ह रॉक १९७३ साली सुरू झालं आणि १९७९ साली संपलं. दुसरी जमात जास्त डेंजर. यांना गाण्यापेक्षा गाण्यातलं गणित प्रिय. ताल सेव्हन-बाय-एट आहे की इलेव्हन-बाय-एट, गिटारवाल्याने सेकंदाला किती नोट्स काढल्या, गाणं वीस मिनिटांच्या वर गेलं की नाही, यावर तासतास वाद. एम-थ्रीचा पेपर जितका अवघड तितका भारी, असं म्हणणारा प्राणी मी अजून पाहिलेला नाही. मग अल्बमच्या बाबतीतच हा नियम का, हे मला कळत नाही.

दोन्ही गटांत माझे मित्र आहेत, त्यामुळे भांडण नको. पण एक अल्बम मात्र मला दोघांच्याही समोर ठेवायचाय. ट्रॅफिक या इंग्लिश बँडचा 'जॉन बार्लीकॉर्न मस्ट डाय'. जुलै १९७०. सहा गाणी, सगळी मिळून साधारण पस्तीस मिनिटं. म्हणजे आपल्या एका लेक्चरपेक्षाही कमी. यात जॅझ आहे, रॉक आहे आणि इंग्लंडमधलं कित्येक शतकं जुनं शेतकऱ्यांचं गाणं आहे. आणि माझं म्हणणं असं, की या तिघांना एकत्र आणण्याचं काम इतक्या सभ्यपणे फार कमी लोकांनी केलंय. सभ्यपणे हा शब्द मुद्दाम वापरलाय. का, ते पुढे सांगते.

आधी थोडी पार्श्वभूमी. ट्रॅफिक १९६७ साली जमली. स्टीव्ह विनवूड, जिम कपाल्डी, ख्रिस वुड आणि डेव्ह मेसन. रस्ता ओलांडायला थांबले असताना समोरची वाहनं बघून कपाल्डीला हे नाव सुचलं म्हणे. (आपल्याकडे कुणी रस्ता ओलांडताना बँडचं नाव ठरवायला थांबलं तर तो बँड जन्माआधीच संपेल, ते सोडा.) चौघे शहर सोडून बर्कशायर परगण्यातल्या ॲस्टन टिरल्ड नावाच्या खेड्यात एक कॉटेज घेऊन राहिले. आजूबाजूला शेतं, आणि दिवसरात्र वाजवणं. आज हे ऐकायला नेहमीचं वाटतं, कारण नंतर सगळ्याच बँडांनी खेड्यात जाऊन राहण्याची टूम काढली. पण हे लोक त्यातले अगदी सुरुवातीचे.

विनवूडबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण तो आपल्या वयाचा होता. स्पेन्सर डेव्हिस ग्रुपमध्ये तो शाळकरी वयात गायला लागला. 'गिमी सम लव्हिन' १९६६ चं, तेव्हा तो अठरा वर्षांचा. आवाज ऐकून वाटतं चाळिशीतला कुणी अमेरिकन कृष्णवर्णीय गायक असेल, आणि प्रत्यक्षात बर्मिंगहॅमचा गोरा पोरगा! १९६८ मध्ये जिमी हेंड्रिक्सच्या 'व्हूडू चाइल' या पंधरा मिनिटांच्या गाण्यात ऑर्गन वाजवणारा हाच. १९६९ च्या सुरुवातीला ट्रॅफिक फुटली आणि विनवूड एरिक क्लॅप्टन, जिंजर बेकर यांच्याबरोबर 'ब्लाइंड फेथ'मध्ये गेला. सुपरग्रुप! जून १९६९ मध्ये लंडनच्या हाइड पार्कात त्यांचा पहिला कार्यक्रम झाला, समोर लाखभर माणसं. एक अल्बम, एक अमेरिकेचा दौरा आणि खेळ खल्लास. वर्षसुद्धा टिकली नाही ती गोष्ट.

म्हणजे बघा, एकविसाव्या वर्षी या मुलाने प्रसिद्धी, पैसा, सुपरग्रुप सगळं पाहून झालं होतं. १९७० च्या सुरुवातीला तो एकट्यानेच अल्बम करायला बसला. सोलो. एकच माणूस पियानो, ऑर्गन, गिटार, बास सगळं वाजवणार आणि एकावर एक ट्रॅक चढवत जाणार. एक-दोन गाणी तशी झालीसुद्धा. मग त्याने कपाल्डीला बोलावलं, मग ख्रिस वुडला. सोलो अल्बम बाजूला राहिला आणि ट्रॅफिक परत उभी राहिली, पण आता तिघांचीच. डेव्ह मेसन त्यात नव्हता. तोपर्यंत रॉकमध्ये सगळे मोठे होत चालले होते: मोठे स्पीकर, मोठे ऑर्केस्ट्रा, मोठ्या गोष्टी. हे तिघं उलट दिशेने गेले. मला या अल्बममधली पहिली आवडलेली गोष्ट हीच, आणि ती गाणं सुरू व्हायच्या आधीची आहे.

आता पहिलं गाणं, 'ग्लॅड'. गाणं म्हणायचं खरं, पण यात गायनच नाही. जवळपास सात मिनिटं नुसती वाद्यं. स्टार आवाजाचा मालक, आणि अल्बमची सुरुवात तोंड बंद ठेवून! पियानोवर एक ठसकेबाज धून येते, ड्रम्स तिला पुढे ढकलतात, वुडचा सॅक्सोफोन तीच धून उचलतो. मग मध्येच सॅक्सोफोनचा आवाज बदलतो, 'वाँव-वाँव' करत काहीतरी बोलायला लागतो. पहिल्यांदा मला ती गिटारच वाटेल असा आवाज आहे तो. पण तो सॅक्सोफोनच, वा-वा पेडलमधून काढलेला. ई-अँड-टीसीवाल्यांनो, वा-वा पेडल म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आपला बँडपास फिल्टरच. पायाने पेडल दाबलं की त्याची रेझोनन्ट फ्रिक्वेन्सी वर-खाली सरकते, माणसाचं तोंड 'ऊ'पासून 'आ'पर्यंत उघडावं तशी. फिल्टरच्या चॅप्टरवर आम्ही जर्नलमध्ये किती ग्राफ काढले, पण त्या ग्राफचा आवाज असा असतो हे कुणी सांगितलं नाही!

या 'ग्लॅड'मध्ये जॅझ कुठे आहे? इथे माझं कट्ट्याशी मतभेद आहेत. जॅझ म्हणजे अवघड कॉर्ड्स असं आपण धरून चालतो. कॉर्ड्स इथे काही फार अवघड नाहीत. जॅझ आहे तो वागण्यात. धून एकदा मांडली, की प्रत्येकाने तिच्यापाशी आपापल्या रस्त्याने जायचं आणि दुसरा बोलत असताना गप्प बसायचं. वुडच्या सॅक्सोफोनच्या वेळी विनवूड खाली नुसता टेका देतो. शेवटी तर ताल जवळजवळ विरघळतो, पियानो एकटा रेंगाळतो, दुपारी झोपेतून उठल्यासारखा, आणि तेवढ्यात न थांबता 'फ्रीडम रायडर' सुरू होतं. इथे सात मिनिटांनी पहिल्यांदा विनवूडचा आवाज येतो, आणि तोपर्यंत आपण त्याची वाट बघायला लागलेलो असतो. त्याच गाण्यात वुड सॅक्सोफोन ठेवून बासरी घेतो. पाश्चात्त्य बासरी, धातूची, आडवी. त्या काळी रॉकमध्ये बासरी म्हटलं की जेथ्रो टलचा इयन अँडरसन, एका पायावर उभा राहून फुरफुर करणारा. वुडची बासरी त्याहून अगदी वेगळी, जरा लाजाळू. हेंड्रिक्सनेही आपल्या 'इलेक्ट्रिक लेडीलँड'वर एका गाण्यात तिचा उपयोग केलाय. तो ट्रॅफिकमध्ये यायच्या आधी आर्ट कॉलेजात चित्रकला शिकत होता. हे कळल्यावर त्याचं वाजवणं मला जास्त समजलं. तो रेषा काढतो, आणि उरलेला कागद कोरा ठेवतो.

तिसरं 'एम्प्टी पेजेस'. यातला इलेक्ट्रिक पियानोचा तुकडा परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वाजता ऐकावा. जास्त लिहीत नाही.

रेकॉर्डची दुसरी बाजू 'स्ट्रेंजर टू हिमसेल्फ'ने सुरू होते. सोलो अल्बमच्या दिवसांतलं हे उरलेलं गाणं, जवळपास सगळं विनवूडनेच वाजवलेलं, आणि ते कळतं. सगळं बरोबर आहे, पण कुणी कुणाशी बोलत नाहीये. एकाच माणसाने वाजवलेल्या पाच वाद्यांमध्ये गप्पा होत नाहीत. कपाल्डीचे शब्दही इथे उगाच गूढ. मला हा अल्बमचा सगळ्यात कच्चा भाग वाटतो. पण त्याच्या लगेच नंतर जे येतं त्यामुळे त्याचा फायदाच होतो.

'जॉन बार्लीकॉर्न'.

बार्ली म्हणजे जव, सातू. गाण्याची गोष्ट अशी: तीन माणसं येतात आणि शपथ घेतात की या जॉन बार्लीकॉर्नला मारायचं. मग ते त्याला नांगरलेल्या मातीत पुरतात, वर ढेकळं टाकतात, मेला म्हणतात. पाऊस पडतो, तो डोकं वर काढतो, सगळे चकित. उन्हाळ्यात त्याला दाढी फुटते, म्हणजे कणसाला कुसं येतात, तो पुरुष होतो. मग माणसं लांब विळे घेऊन येतात, त्याला गुडघ्यात कापतात, बांधतात, गाडीत घालतात, काठ्यांनी झोडपतात. शेवटी गिरणीवाला त्याला दोन दगडांच्या मध्ये दळतो. इतके हाल! आणि सरतेशेवटी तो पेल्यात उतरतो, आणि ज्यांनी मारलं त्यांनाच लोळवतो. त्याच्याशिवाय ना शिकाऱ्याचं चालत, ना भांडी सांधणाऱ्याचं. कोडं आणि खूनकथा, दोन्ही एकाच वेळी. गाणं दारूबद्दल आहे, पेरणीबद्दल आहे, की कुठल्यातरी फार जुन्या देवाबद्दल, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला विचाराल तर ते शेतात राबणाऱ्या माणसाचं गाणं आहे, ज्याला आपण काय कापतोय आणि संध्याकाळी काय पिणार आहोत, दोन्ही पक्कं माहीत आहे.

गाणं किती जुनं? सतराव्या शतकातल्या छापील कागदांवर ते सापडतं, तोंडी त्याहून जुनं असणार. अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या रॉबर्ट बर्न्सने त्याची स्वतःची आवृत्ती केली. जॅक लंडनने १९१३ साली आपल्या दारूच्या आठवणींच्या पुस्तकाला हेच नाव दिलं. ट्रॅफिकपर्यंत ते आलं वॉटरसन्समुळे. हल शहरातल्या भावंडांचा हा गट, वाद्यांशिवाय, नुसत्या आवाजांवर जुनी गाणी गायचा. त्यांचा १९६५ चा 'फ्रॉस्ट अँड फायर' हा अल्बम वर्षभरातल्या ऋतूंच्या आणि सणांच्या गाण्यांचा आहे. तो ख्रिस वुडने ऐकला आणि हे गाणं बाकी दोघांपुढे ठेवलं.

आता मूळ मुद्दा. ट्रॅफिकने या गाण्याचं काय केलं?

जवळजवळ काहीच केलं नाही! एक साधी गिटार, वुडची बासरी, कपाल्डीच्या हातात खंजिरीसारखं टॅम्बोरिन, आणि मागे थोडासा पियानो. ड्रमसेट नाही. ऑर्गन नाही. ज्या आवाजावर सगळं इंग्लंड फिदा होतं तो आवाजही इथे भाव न खाता, ओरडता, गोष्ट सांगतो. नंतरच्या कडव्यांत कपाल्डीचा आवाज जोडीला येतो, आणि अचानक गाणारा एक माणूस न राहता गाव होतो. सहाएक मिनिटं. एकही सोलो असा नाही की ज्यात कुणी आपली हुशारी दाखवावी.

याचं मोल कळायला शेजारी काय चाललं होतं ते बघा. डिसेंबर १९६९ मध्ये फेअरपोर्ट कन्व्हेन्शनने 'लीज अँड लीफ' काढला होता. जुनी लोकगीतं घ्यायची आणि त्याखाली इलेक्ट्रिक गिटार, बास, ड्रम्स टाकायचे. तो अल्बम उत्तम आहे, त्याबद्दल वादच नाही. सँडी डेनीचा आवाज ऐकून अंगावर काटा येतो. पण दिशा लक्षात घ्या. ते लोकगीताला रॉककडे घेऊन आले. ट्रॅफिक स्वतः रॉक बँड, त्यांच्याकडे सगळी विजेची वाद्यं हजर, आणि लोकगीत आल्यावर त्यांनी ती खाली ठेवली. रॉकला लोकगीताकडे नेलं. घरात आजी आल्यावर टीव्हीचा आवाज कमी करावा, इतकं ते साधं आहे. सभ्यपणा म्हणते तो हा.

म्हणूनच 'फ्यूजन' या शब्दाची मला अलीकडे ॲलर्जी झालीये. आपल्या गॅदरिंगला, किंवा कुठल्याही कॉलेजच्या फेस्टला, फ्यूजन म्हणजे काय असतं? कुठलीतरी लावणी किंवा गोंधळ घ्यायचा, खाली डिस्टॉर्शन लावायचं, ढोलकी आणि ड्रम्स एकाच वेळी फुल व्हॉल्यूमवर, आणि शेवटी दोन्ही हात वर. टाळ्या पडतात, मीसुद्धा वाजवल्यात. पण त्यात गोंधळ्याचं म्हणणं काय होतं ते ऐकू येत नाही. मिक्सरवाल्याचा दोष नाही हा. आपण मूळ गाण्यावर विश्वासच ठेवत नाही. ते एकटं उभं राहिलं तर लोकांना बोअर होईल अशी आपल्याला भीती. 'जॉन बार्लीकॉर्न'मध्ये ही भीती नाही. त्यांनी अख्ख्या अल्बमला त्याचं नाव दिलं आणि कव्हरवर जवाच्या पेंढीचं चित्र लावलं. ना बँडचा फोटो, ना स्टाइल.

एक अवांतर, संपादकांनी कापलं नाही तर. मी कॉन्व्हेंटवाली. आम्हाला शाळेत जे इंग्लंड शिकवलं ते डॅफोडिलच्या फुलांचं आणि चहाच्या कपांचं. सिस्टरांनी उच्चार घोटून घेतले त्यामुळे हे गाणं मला शब्दन् शब्द कळलं, त्याबद्दल त्यांचे आभार. पण यातलं इंग्लंड पुस्तकात नव्हतं. चिखल, नांगर, काठ्या, दारू, आणि खुनाची गोष्ट हसत सांगणारी माणसं. आणि ते दोन दगड ऐकताना मला जात्याची आठवण झाली, जे मी फक्त मामाच्या गावी माळ्यावर पडलेलं पाहिलंय. त्या जात्यावर बायका ओव्या म्हणायच्या एवढं ऐकून माहीत होतं. मग शोधलं. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांत फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं काम उभं केलं होतं. तो संग्रह आता इंटरनेटवर आहे आणि त्यात एक लाखाच्या वर ओव्या आहेत. रेकॉर्डिंगमागे वाद्य नाही, कधीकधी नुसती जात्याची घरघर. ती घरघरच ताल. इंग्लंडच्या गाण्यात दळला जाणारा दाणा बोलतो, आपल्याकडे दळणारी बाई बोलते. माहेराबद्दल, भावाबद्दल, सासूबद्दल. दोन्हींची तुलना करायचा माझा अभ्यास नाही. पण ओव्या ऐकून झाल्यावर मी परत 'जॉन बार्लीकॉर्न' लावलं, तेव्हा कपाल्डीचं टॅम्बोरिन मला कामाच्या लयीसारखं ऐकू आलं, आधी आलं नव्हतं.

आता आक्षेप. "हा प्रोग्रेसिव्ह रॉकच नाही," असं आमच्या हॉस्टेलमधल्या एका तज्ज्ञाचं म्हणणं. यात मोठा स्वीट नाही, एक सलग कथा नाही, मेलोट्रॉन नाही. किंग क्रिमसनचा पहिला अल्बम, ऑक्टोबर १९६९, त्यात जॅझपण आहे आणि दरबारी थाटपण, मग तो घे ना! मान्य, तो थोर आहे. पण किंग क्रिमसन ऐकताना मला सतत जाणवतं की मी काहीतरी महत्त्वाचं ऐकतेय. ट्रॅफिक ऐकताना तसं काही जाणवत नाही, आणि गाणं संपल्यावर ते डोक्यात चालूच राहतं. प्रोग्रेसिव्ह या शब्दाचा अर्थ रॉकने स्वतःच्या बाहेर जाऊन बघावं असा असेल, तर एका बाजूला जॅझकडे आणि दुसऱ्या बाजूला शेतातल्या गाण्याकडे गेलेला हा अल्बम त्यात बसतोच. नसेल, तर लेबल तुमच्याकडे ठेवा आणि अल्बम मला द्या.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: जॅझ आणि लोकगीत दोन्ही आहेत, पण एकत्र कुठे आहेत? पहिल्या बाजूवर जॅझ, दुसऱ्या बाजूवर लोकगीत, मध्ये भिंत. मलाही बरेच दिवस हा प्रश्न होता. आता वाटतं की जोड आहे ती माणसांची. 'ग्लॅड'मध्ये जी तीन माणसं एकमेकांना जागा देतात तीच 'जॉन बार्लीकॉर्न'मध्ये गाण्याला जागा देतात. तोच वुड, तोच श्वास. आधी पेडलमधून वाकडातिकडा, मग बासरीतून सरळ. वाद्यं मिसळली नाहीत, सवय एकच राहिली. शेवटचं 'एव्हरी मदर्स सन' मग मोठ्या ऑर्गनसह येतं, जरा चर्चमध्ये बसल्यासारखं वाटतं, आणि रेकॉर्ड संपते.

लोकांनी हे तेव्हाच ओळखलं होतं बरं का. अमेरिकेत अल्बम पहिल्या पाचांत गेला. १९७१ मध्ये 'द लो स्पार्क ऑफ हाय हील्ड बॉइज' आला, त्यात बाराएक मिनिटांचं गाणं आहे, ते आपल्या घड्याळवाल्या मित्रांना आवडेल. १९७४ नंतर ट्रॅफिक थांबली. ख्रिस वुड १९८३ साली गेला, अवघा एकोणचाळीस वर्षांचा. कपाल्डी २००५ साली. विनवूड पुढे पॉपमध्ये खूप मोठा झाला, ती गाणी मला फारशी आवडत नाहीत.

ऐकायचं असेल तर एकच विनंती. शफल बंद करा. 'ग्लॅड' आणि 'फ्रीडम रायडर'च्या मध्ये जाहिरात आली तर काय होतं ते मी आमच्या रूमवर अनुभवलंय: रेंगाळणारा पियानो, आणि त्यावर एकदम ऑनलाइन बिर्याणी. पैसे भरा, नाहीतर कुणाच्या तरी काकांकडे रेकॉर्ड असेल ती मागा. पहिली बाजू रात्री, दुसरी सकाळी उठल्या उठल्या. माझ्याकडची फाइल हवी असेल तर पेन ड्राइव्ह घेऊन लेडीज हॉस्टेलच्या गेटवर या, सबमिशन संपल्यावर. त्याआधी आलात तर जर्नल पूर्ण करायला बसवीन.